पोचल्याचा निरोप

"निघाली बघा, बाई."

फोन उचलला की पलीकडून एवढंच यायचं. नमस्कार नाही, कोण बोलतंय ते नाही. मग थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही. त्या शांततेत ते काय करत असतील ते मला वरच्या मजल्यावर बसून दिसायचं. चष्मा कपाळावर सारलेला, खुर्ची दाराकडे वळवलेली, नजर रस्त्यावर. आत्ता पाठवलेली ई-मेल जणू समोरच्या रस्त्यानं चालली आहे आणि ती वळणाआड जाईपर्यंत आपण हलायचं नाही, असं त्यांना वाटत असावं. फोन बंद व्हायचा. माझा चहा उकळतो न उकळतो तोच पुन्हा वाजायचा.

"पोचली का?"

"पोचली, भाऊ."

"हां. मग आता मीपण चहा घेतो."

नातवंडांनो, मी काही पाठवलं की तुम्ही उत्तरादाखल नुसता एक अंगठा पाठवता. त्या अंगठ्यावर मी रागावत नाही, पण तो बघितला की मला भाऊ आठवतात. म्हणून त्यांच्याबद्दल नीट लिहून ठेवते आहे. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. ह्यातलं अर्धं त्यालाही माहीत आहे, उरलेलं त्यानंही वाचावं.

भाऊंचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता आणि बाहेरच्या पाटीवर फक्त 'जागा घेणे-देणे' एवढंच लिहिलेलं होतं. मी एकदा विचारलं, पाटीवर नाव का नाही? म्हणाले, "खरेदीखतात नाव कुणाचं असतं? लिहून देणाऱ्याचं आन् लिहून घेणाऱ्याचं. आपण मधले. मधल्याचं नाव कशाला?"

ते मूळचे हरसूलकडचे, डोंगरातले. घरी भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. तरुणपणी नाशकात आले ते गंगापूर रस्त्याच्या एका द्राक्षबागेत राखणदार म्हणून. पुढे बाग गेली, तिथे प्लॉट पडले, आणि बाग कुठून कुठपर्यंत होती हे विचारायला लोक त्यांच्याकडे येऊ लागले. त्यातून ते जागा दाखवणारे झाले. कुठल्याही कॉलनीतून जाताना ते मधेच म्हणायचे, "हितं शरद द्राक्षाची बाग होती बघा. त्या मेडिकलच्या जागी थॉमसन." घरं त्यांना दिसायची, पण खालच्या वेलीही दिसत असाव्यात.

आमची ओळख झाली ती इंग्रजीमुळे. एका दुपारी ते लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले, बाळ आणावं तसा. "तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायच्या म्हणं. एक मेल लिहून द्या. मालक परदेशात हाय. त्याच्या मराठीला आता गंज चढलाय आन् माझ्या इंग्रजीचा तर पत्राच उडून गेलाय."

मी लिहून दिली. मग दुसरी दिली. मग आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचं टपाल असायचं. ते उभे राहून सांगत, मी बसून टाइप करत असे. मसुदा जोडला आहे, डिजिटल सहीचा सातबारा जोडला आहे, वाचून कळवावे. इथपर्यंत ठीक. पण मी शेवटचा पूर्णविराम द्यायला बोट उचललं की ते म्हणत, "थांबा. लिहा, दारातली जास्वंद फुलली आहे."

"भाऊ, खरेदीखताच्या मसुद्यात जास्वंद कुठे लिहू?"

"मसुद्यात नका लिहू. खाली लिहा. तो तिकडं थंडीत बसलाय. आपण काय विकतोय ते त्याला कळू दे की."

मग मी खाली 'ता. क.' घालून जास्वंद लिहायची. कधी लिंबाला आलेला बहर, कधी पाण्याच्या टाकीवर बसलेली घार. मग ते खाली गाळ्यात जाऊन कागद जोडून मेल स्वतः पाठवत आणि तिची एक प्रत मलाही येई. एकदा मुंबईच्या एका वकिलांचं उत्तर आलं: मसुदा मिळाला, जास्वंदीची नोंद घेतली. वकीलसाहेबांनी ते चिडून लिहिलं होतं हे उघड होतं. भाऊ मात्र इतके खूश झाले की ते उत्तर त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.

त्यांची एक सवय मला सोसत नसे. ते सगळ्या फायलींना एकच नाव देत. 'फायनल'. मग 'फायनल नवीन'. मग 'हेच फायनल'. माझ्या संगणकात प्रत्येक कागदाला त्याचं घर आणि त्याची तारीख असते हे तुम्हाला ठाऊकच आहे; तुम्ही मला त्यावरून चिडवताही. मी म्हणायची, "भाऊ, फाइलला घराचं नाव द्या, नाहीतर एक दिवस घोटाळा होईल."

"होत नाय, बाई. मला सगळी घरं डोळ्यांसमोर दिसतात."

"तुम्हाला दिसतात. लॅपटॉपला दिसत नाहीत."

"त्याला पण हळूहळू दिसतील," असं म्हणून ते लॅपटॉप टॉवेलात गुंडाळत.

आणि त्या दोन फोनांबद्दलही मी एकदा विचारलं. मेल काय वाटेत पडते की काय, पोचली का म्हणून विचारायला? भाऊ बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आमच्याकडं माणूस एस्टीत बसवून दिला की घरचे घास घेत नसत. घाटाचा रस्ता. पोचल्याचा निरोप आला की मग ताटं वाढायची."

"आणि निरोप नाही आला तर?"

"येतो की. उशिरा येतो, पण येतो. कुणीतरी आणतंच."

आता त्यांच्या दिव्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

दूरदेशी राहणाऱ्या मालकाचं घर विकायचं असलं, म्हणजे मसुदा पाठवायच्या आधी भाऊ त्या घरी जात. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. कुलूप उघडायचं, केर काढायचा, एकूण एक खिडकी उघडायची. बंद घरातली कोंडलेली हवा बाहेर पडेपर्यंत पायरीवर बसायचं. मग आतल्या कट्ट्यावर पणती लावायची आणि मोबाइल हातात धरून सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरायचं. एक शब्द बोलायचा नाही. ती चित्रफीत मसुद्याबरोबर मेलनं जायची. मी अशा कितीतरी पाहिल्या. मोबाइल हातात किंचित हलायचा, त्यामुळे घर श्वास घेतंय असं वाटायचं. खिडकीतून शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी यायची. पणतीच्या उजेडात रिकाम्या भिंती पाण्याखाली असल्यासारख्या दिसायच्या.

त्यांच्या धंद्यातले लोक त्यांना हसत. गाळ्यात बसलेला एक जण माझ्यासमोरच म्हणाला होता, "भाऊ, तुमचं हे सिनेमाचं खूळ सोडा. मालक बघतो, रडतो, आन् सौदा मोडतो."

"मोडायचा तो आधीच मोडू दे," भाऊ म्हणाले. "रजिस्ट्री झाल्यावर रडण्यापेक्षा बरं."

आपलं रो-हाउस तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा तुम्ही फार लहान होतात. आजोबांनी आणि मी तिथे संसार केला, तुमचा बाबा तिथे वाढला. आजोबा गेल्यावर मी ह्या फ्लॅटमध्ये आले, कारण तिथला जिना माझ्या गुडघ्यांना नको झाला. घर बंद राहिलं. बंद घर बरं दिसत नाही. मागच्या भिंतीला ओल आली, मोरीत पिंपळानं डोकं वर काढलं. दर पावसाळ्यानंतर मी कुणाला तरी पाठवून ते रोप काढायची आणि दर पावसाळ्यात ते परत यायचं. घर माझ्या आणि बाबाच्या, दोघांच्या नावावर. मी ठरवलं की विकायचं. बाबा तिकडून, परदेशातून, फोनवर "हो, बघू" म्हणाला. तो लहानपणापासून नाही म्हणायच्या जागी "बघू" म्हणतो. तुम्हालाही तेच म्हणत असेल.

घर बघायला भाऊंनी पुष्कळ लोक आणले. बरेचसे लोक घरात शिरता शिरता ते पाडायच्या गोष्टी करत. मग एक दिवस ती आली.

ती कळवणची. इथल्या एका दवाखान्यात नर्स. नवरा गोदामात कामाला. दोघं नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ भाड्याच्या खोलीत राहत होती, पुलाच्या अगदी कानाशी. तिला बहुतेक रात्रपाळी असायची आणि दिवसा झोपायला जावं तर खिडकीखाली ट्रक, रिक्षा, हॉर्न. डोळे लाल, चालणं पाण्यात चालल्यासारखं. ती सरळ पाळीवरून आली होती. स्वयंपाकघर तिनं पाहिलं न पाहिलं. मग मागच्या खोलीत गेली.

ती खोली म्हणजे आजोबांची दुपारची खोली. तिथे ऊन येत नाही, आवाज येत नाही. फरशी उन्हाळ्यातही गार असते. आजोबा जेवून तिथे आडवे झाले की घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. बाबा लहानपणी तिच्या दारावरून चवड्यांवर चालायचा.

"इथे जरा बसू का, आजी?" तिनं विचारलं.

"बस की."

मी आणि भाऊ ओल कुठवर चढली आहे ते बघायला गेलो. परत आलो तर ती उघड्या फरशीवर, पर्स डोक्याखाली घेऊन, गाढ झोपली होती. तिचा नवरा इतका शरमला! "अगं, ऊठ! लोकांचं घर आहे!" तो पुढे झाला तसा भाऊंनी त्याला हातानं थांबवलं. तोंडावर बोट ठेवलं. आम्ही तिघं बाहेर पायरीवर जाऊन बसलो. भाऊंनी बाहेरची कडी धरून दार हळूच ओढून घेतलं. बाजूच्या शेवग्याची पानं पायरीवर पडत होती. नवरा दोनदा म्हणाला, "उठवतो मी तिला." भाऊ म्हणाले, "बसा हो. घर बघायला आलीय ना? बघतीय ती."

ऊन अंगणातून निघून गेलं तेव्हा ती उठून आली. गालावर पर्सच्या चेनची खूण. आमच्याकडे बघून आधी ओशाळली, मग म्हणाली, "मला हेच घर पाहिजे. ओल आम्ही काढू."

त्या क्षणी माझं ठरलं. मला त्या घरात दुसरं काहीही नको होतं. त्या खोलीत पुन्हा कुणीतरी झोपावं, एवढंच हवं होतं.

मसुदा तयार झाला. बाबानं तो वाचून होकार कळवायचा, मग तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन मला कुलमुखत्यारपत्र द्यायचं, ते इकडे आलं की नोंदणी. भाऊ आपल्या त्या बंद घरी गेले, खिडक्या उघडल्या, पणती लावली. फोन आला. "निघाली बघा, बाई. तुमच्या लेकाकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाचा फोन.

"आई, घर जसंच्या तसं आहे गं! मला वाटलं पार पडझड झाली असेल. झोपाळा अजून आहे! त्याच्या कड्या वाजतात ते पण ऐकू येतंय. जिन्याच्या पायऱ्यांवर मी बसायचो, तिथला तो काळा डागसुद्धा तसाच." आणि मग, "आई, नको विकायला. मी येईन ना कधीतरी. भाऊंना मी तसं लिहिलंय. सॉरी."

झोपाळा मी स्वतः कधीच देऊन टाकला होता. मी चष्मा पुसला आणि ती चित्रफीत उघडली.

तीच हिरवी जाळी, अर्ध्या सूर्याच्या नक्षीची. तीच ठिपक्यांची फरशी. तीच शिडीसारखी अरुंद खिडकी. पणतीच्या उजेडात झोपाळा मंद हलत होता. मला क्षणभर वाटलं, आजोबा आत्ताच त्यावरून उठून आत गेले असावेत. मी ती चित्रफीत पुन्हा पाहिली. आणि मग दिसलं. जिना उजव्या हाताला होता. आपला डाव्या हाताला.

ते शेजारच्या ओळीतलं घर होतं. आमच्या कॉलनीतली घरं एकाच बिल्डरनं बांधलेली, जोडीजोडीनं, आरशातल्यासारखी. त्या घराचे मालकही परदेशात आणि त्यांचं कामही भाऊंकडेच. एक चित्रफीत 'फायनल', दुसरी 'हेच फायनल'.

मी खाली गाळ्यात गेले. मोबाइल त्यांच्यापुढे धरला. भाऊंनी बघितलं. जिना आला तसा त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. चेहरा उतरला.

"बाई, माझ्या हातनं लय वाईट झालं."

"आणि त्या दुसऱ्या मालकांना आपलं घर गेलं?"

"गेलं."

"ते काय म्हणाले?"

"त्यांनी उघडलंच नाय. डायरेक्ट मसुद्यावर 'ठीक' म्हणून कळवलं." हे सांगताना भाऊंना चुकीपेक्षाही जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला. "भाऊ, साहेबांचं उत्तर आलं का? एका जणानं हायवेच्या कडेला फ्लॅट दाखवलाय. टोकन द्या म्हणतोय. आवाज आहे, पण काय करणार. देऊ का?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "दोन दिस थांब, पोरी," ते म्हणाले. "आज झोपलीस का?"

"कुठची झोप, भाऊ."

बाबाला फोन करून सगळं सांगते, असं मी म्हणाले. भाऊंनी मान हलवली. "नाय. सांगून नाय व्हायचं. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आता कानानं ऐकून पटायचं नाय. ती जुनी चित्रफीत नुसती पाठवून पण नाय भागायचं, आपण परत जाऊ. तुम्ही पण चला."

आम्ही दिवेलागणीला गेलो. गंगेकडून, म्हणजे आपल्या गोदावरीकडून, वारा येत होता. कितीतरी दिवसांनी मी त्या घराच्या आत सगळीकडे फिरले. खिडक्या फुगल्या होत्या. भाऊ प्रत्येकीला तळव्यानं थोपटत होते, मग ती उघडायची. पणती लावली. झोपाळ्याच्या जागी छताला नुसत्या दोन कड्या. भिंतीवर ओलीचा मोठा ढग. मोरीत पिंपळ, चांगला दोन पानं जास्त घेऊन आलेला. भाऊंनी काहीही चुकवलं नाही. ओलीसमोर तर ते मुद्दाम थांबले.

आणि मागच्या खोलीत आले तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते मोबाइल हातात धरून बोलले.

"साहेब, नमस्कार. आधीचं घर तुमचं नव्हतं. चूक माझी. हे तुमचं. हितं वडील झोपायचे म्हणं. त्या दिवशी घर बघायला एक पोरगी आली, ती पण हितंच झोपली. कुणी सांगितलं नव्हतं तिला." थोडा वेळ फक्त वाऱ्याचा आवाज. "एवढंच."

घरी येऊन मी स्वतः मेल पाठवली. फाइलला घराचं नाव दिलं, तारीख दिली. भाऊ टेबलापाशी उभे होते. मी बोट उचललं तसं सवयीनं थांबले, पण त्यांनी ता. क. काही सांगितलं नाही. मेल गेली आणि आम्ही दोघांनी नकळत खिडकीबाहेर रस्त्याकडे बघितलं.

सकाळी फोन वाजला. बाबा होता. हळू आवाजात म्हणाला, "आई, मला त्या दुसऱ्या घरातलं सगळं आठवत होतं गं. तो डागसुद्धा. कसं काय?"

"पणतीच्या उजेडात होतं असं," मी म्हणाले.

"तिला खरंच झोप लागली? बाबांच्या खोलीत?"

"घोरत होती."

तो हसला. मग म्हणाला, "आम्हाला तिथे किती चवड्यांवर चालावं लागायचं, नाही? दे तिला, आई. आणि भाऊंना सांग, मी वकिलातीची वेळ घेतोय."

मी खाली जाऊन सांगितलं. भाऊंनी आधी त्या मुलीला फोन लावला. "पोरी, हायवेचं टोकन देऊ नको," एवढंच म्हणाले. मग मला म्हणाले, "चहा घेता का, बाई?" त्या गाळ्यात मी घेतलेला तो पहिला आणि शेवटचा चहा. साखर फार होती.

कुलमुखत्यारपत्र आलं. नोंदणी झाली. कचेरीत यंत्रावर अंगठा ठेवताना ती मुलगी जांभई देत होती आणि जांभई दिली म्हणून माझी माफी मागत होती. भाऊंनी नोंदवलेल्या दस्ताची डिजिटल प्रत मागवून घेतली. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"निघाली बघा, बाई. तुमच्या लेकाकडं. शेवटची. फाइलला नाव दिलंय बरं का, घराचं!"

"शाबास, भाऊ."

"आन् मी पण निघालो. गावाकडं. उद्या हरसूलचा बाजार हाय. दोन दिस तिकडं."

मी चहा टाकला. चहा उकळला. फोन वाजला नाही. डोंगरात रेंज नसते, असं मी मनाशी म्हटलं. सकाळी बाबाचा निरोप आला, एकच शब्द, 'पोचली'. त्याला मी सांगून ठेवलं होतं, अंगठा नको पाठवूस, शब्द लिही. तो मी भाऊंसाठी जपून ठेवला. गाळ्याचं शटर त्या दिवशी बंद होतं. नंतरही बंदच राहिलं. मी जाता-येता बघत होते.

मग एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर त्यांचंच नाव. मी घाईनं उचलला आणि त्यांना बोलूच दिलं नाही. "पोचली, भाऊ! कधीची पोचली! कुठे होतात तुम्ही?"

पलीकडे शांतता. नेहमीची शांतता नव्हे.

"बाई, मी त्यांच्या घरून बोलते," एका बाईंचा आवाज आला. "ते गेले. बाजारातनं आले, ओसरीवर टेकले, म्हणाले जरा डोळा लागतोय. ते उठलेच नाय." मग पदर तोंडाशी धरल्यासारखा आवाज बारीक झाला. "बाजारातनं येतानाच म्हणत होते, बाईंना फोन लावायचा हाय, पोचली का इचारायचं हाय. रेंज नव्हती. आज दिवसकार्य झालं, पोरीनं फोन चालू केला. म्हटलं, त्यांचं राहिलंय, आपण इचारावं."

मी खिडकीबाहेर रस्त्याकडे बघितलं.

"पोचली का, बाई?"

"पोचली," मी म्हणाले.

"हां," त्या म्हणाल्या. अगदी त्यांच्यासारखं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी कॉलनीत गेले. काम काही नव्हतं. ऐन दुपार. शेजारच्या ओळीतलं ते घर, उजव्या जिन्याचं, पाडायला घेतलं होतं, पण मजूर जेवायला गेले होते म्हणून सगळं शांत होतं. आपल्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मागच्या खोलीच्या खिडकीला आतून जाड निळी चादर लावलेली. दाराशी पांढऱ्या चपला, दवाखान्यात घालतात तशा, जिथे काढल्या तिथेच उलट्यासुलट्या पडलेल्या. तारेवर गणवेश वाळत होता.

फाटकाची कडी वाजते, हे मला माहीत आहे. मी तिला हात लावला नाही. थोडा वेळ उभी राहिले, आणि त्या घरावरून चवड्यांवर चालत परत आले.